इसोकूचा आवाज

शेर्विनशी माझी ओळख भांडणातून झाली. मरोळच्या आमच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये तो कुणाला तरी छातीठोकपणे सांगत होता, की जुनी ॲनिमे आता बघवत नाहीत आणि त्यांचं हिंदी डबिंग म्हणजे तर कानांना शिक्षा. मी दोन टेबलं पलीकडे एकटी जेवत होते. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी डबा उचलला, त्याच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "नाव सांग. कुठल्या डबिंगबद्दल बोलतोयस तू?"

"समुद्रवीर इसोकू," तो हसत म्हणाला. "तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे. आणि तो हिरो? बकरी ओरडते तसा ओरडतो यार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इसोकू ही जपानी कार्टून मालिका, म्हणजे ॲनिमे. आम्ही पहिली-दुसरीत होतो तेव्हा ती रोज संध्याकाळी हिंदीत लागायची. दीपगृहात एकटा राहणारा पोरगा, त्याचा बाप समुद्रात हरवलेला, आणि पोरगा त्याला शोधायला निघालेला, एवढीच गोष्ट. आमच्या जोगेश्वरीच्या खोलीत तेव्हा केबल नव्हती. शेजारच्या द्रौपदीकाकूंकडे होती, पण त्या नेमकं त्याच वेळेला दार लावून घ्यायच्या. दोन खोल्यांच्या मध्ये पत्रा होता. मी त्याला कान लावून बसायचे. चित्र दिसायचं नाही, आवाज मात्र सगळा यायचा. त्यामुळे बाकीच्या मुलांचा इसोकू म्हणजे निळे केस आणि बशीएवढे डोळे असेल, माझा इसोकू म्हणजे नुसता आवाज होता. ओरडण्याआधी तो एक बारीकसा श्वास आत ओढायचा, हुंदका गिळल्यासारखा, आणि मग म्हणायचा, "समंदर मेरा बाप है, और बाप से कोई नहीं डरता!" माझ्या बाबांची नोकरी गेली त्या वर्षी मी हे वाक्य शाळेत जाताना रोज पुटपुटायचे. त्या आवाजाला कुणी बकरी म्हणालं तर मी काय ऐकून घेईन?

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, भांडण संपलं नाही. ते पुढे बसस्टॉपवर गेलं, मग जुहूला वाळूत जाऊन बसलं, आणि वर्षभराने आम्ही लग्नाचं बोलायला लागलो तेव्हाही चालूच होतं.

त्याचं म्हणणं, जुन्यात आळशीपणा फार. तीच एक लाट पुन्हापुन्हा. हिरो बुक्की मारायला हात उचलतो, तेवढ्यात त्याला बालपण आठवतं, मग व्हिलनला त्याचं बालपण आठवतं, आणि बुक्की उद्यावर. "नव्यात बघ," तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरायचा. "पाण्यावरचा उजेड बघ. हात ओला होईल असं वाटतं की नाही?" वाटायचं. पण मी कशाला कबूल करते! माझं म्हणणं, नव्यात सगळं देखणं, पण कुणाला दम म्हणून नाही. बारा भागांत बाप हरवणार, सापडणार, मधल्यामध्ये दोन मित्र मरणार आणि सीझन खलास. जुन्यात इसोकू एक अख्खा भाग नुसता फाटकं जाळं शिवत बसला होता. त्याला कंटाळा यायचा, आपल्यालाही यायचा, म्हणून तो घरातला वाटायचा.

खरं सांगायचं तर नवीनही मी चवीने बघते. सध्या आम्हा दोघांना राक्षसांच्या खानावळीत भात शिजवणाऱ्या एका म्हातारीच्या मालिकेने वेड लावलंय. शनिवारी नवा भाग आला की शेर्विनचा मेसेज येतो, "काही सांगू नको, घरी जाऊन बघतो." तोवर मी तो दोनदा बघून, रडून, तोंड धुऊन बसलेली असते. म्हातारीने पहिल्यांदा स्वतःसाठी ताट वाढून घेतलं त्या भागावर तर आम्ही आठवडाभर बोलत होतो. भांडण होतं ते फक्त इसोकूवरून.

आणि यंदा नेमका इसोकूच नव्याने आला. तीच गोष्ट, नवी चित्रं. शेर्विन जपानी आवाजात, खाली इंग्रजी सबटायटल लावून बघायचा आणि वेडा व्हायचा. मीही पाहिला. समुद्र झकास होता. पण पोरगा ओरडला आणि माझ्या आत काही हललं नाही. मी त्याला तसं सांगितलं, तर त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "थांब, तुला बातमीच देतो. अंधेरीत ॲनिमेवाल्यांचा मेळा आहे पुढच्या रविवारी. मला स्टेजवर अर्धा तास दिलाय. विषय, जुना इसोकू विरुद्ध नवा इसोकू. तुझ्या त्या बकरीची मी अशी वाट लावणार आहे ना!"

पोरगा आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढणार होता. त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मी भांडायचं पुढे ढकललं.

मेळ्याच्या आदल्या रविवारी त्याने मला पहिल्यांदा घरी जेवायला नेलं. मरोळच्या गावठाणात त्यांचं जुनं बैठं घर आहे. पुढे क्रूस, त्यापुढे तुळशीसारखी जपलेली जास्वंद. वडील व्हिक्टर अंकल विमानतळावर कार्गोत होते, आता रिटायर झालेत. मोजकं बोलतात, आणि तेही बहुतेक कुत्र्यांशी. आई एथेल आँटी पॅरिशच्या शाळेत बालवाडीला शिकवायच्या आणि अजून चर्चच्या क्वायरमध्ये गातात. त्या मला बघून हसल्या, पण मोजूनमापून. जोगेश्वरीची, मालवणकडची हिंदू मुलगी, हिला आपली चिंचेतली माशांची चिंचोणी झेपेल का, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. मी ठरवलं, आज तोंड आवरायचं. गोड बोलायचं, वाढलेलं सगळं खायचं.

शेर्विन हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडून त्याच्या कार्यक्रमाची तयारी दाखवत होता. जुन्या इसोकूचे तुकडे त्याने एकापुढे एक लावले होते आणि मध्येमध्ये स्वतःचे विनोद. "हे बघ, तोंड मिटलं, तरी बकरी चालू! हे बघ, रडतोय की हगवण लागलीय!" व्हिक्टर अंकल पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. मी ओठ दाबून बसले होते.

तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. एथेल आँटींनी बोंबील पाणी निघायला पाट्याखाली दाबून ठेवले होते आणि खिडकीतून मांजर आत आलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त ऐकू आलं ते एवढंच. एक बारीकसा श्वास आत ओढला गेला, हुंदका गिळल्यासारखा, आणि मग एक पोरगा ओरडला, "ए! ठेव ते! ठेव म्हणते ना!"

माझ्या हातातला सरबताचा ग्लास तिथेच राहिला. मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर इसोकू तोंड मिटून गप्प उभा होता, शेर्विनने त्याला थांबवून ठेवलं होतं. मग ओरडलं कोण? मी शेर्विनकडे पाहिलं. तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. जन्मापासून ऐकलेला आवाज, त्याला त्यात काय ऐकू येणार? मी व्हिक्टर अंकलकडे पाहिलं. ते पेपरच्या वरून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली. नको, अशी.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. एथेल आँटी खाली बसून बोंबील गोळा करत होत्या. साठीला आलेली, चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली बाई. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "इसोकू?"

त्यांच्या हातातला बोंबील पुन्हा खाली पडला.

"काय गो? काय म्हणतेस?"

"आँटी, खोटं नका बोलू. मी तो आवाज पत्र्याला कान लावून ऐकलाय. सगळा सीझन. मला तो झोपेतसुद्धा ओळखू येईल."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग उठून नळ सोडला, मोठा, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. आणि मग माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

"शेर्विनला सांगायचं नाही. शपथ घे. तुझ्या आईची घे."

"पण आँटी..."

"आधी शपथ."

मी घेतली. काय करणार? माझं डोकंच चालत नव्हतं.

मग त्यांनी नळाच्या आवाजात, बोंबलाला मसाला लावत सांगितलं. लहान मुलग्यांचे आवाज डबिंगमध्ये नेहमी बायकाच काढतात, कारण खऱ्या पोराचा आवाज मालिका संपायच्या आत फुटतो. क्वायरमधल्या कुणीतरी त्यांना अंधेरीच्या स्टुडिओत नेलं आणि त्या इसोकू झाल्या. शनिवार-रविवार काम. त्यांचं नाव कधी पडद्यावर आलं नाही, कारण शेवटच्या नावांच्या पाट्या चॅनेलवाले कापायचे आणि तिथे साबणाची जाहिरात लावायचे.

"तो श्वास?" मी विचारलं. "ओरडण्याआधीचा?"

"तो तर घ्यावाच लागतो. चित्रातल्या पोराचे ओठ हलायच्या जरा आधी आपण श्वास घ्यायचा. नाहीतर वाक्य मागे पडतं. माझा जरा मोठ्याने यायचा. रेकॉर्डिस्ट ओरडायचा, पण काढून टाकायचा नाही. म्हणायचा, राहू दे, पोरगा जिवंत वाटतो."

"आणि शेर्विनला तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

त्यांनी तवा गॅसवर ठेवला. "सहा वर्षांचा होता गो. इसोकूसाठी नुसता जीव टाकायचा. उशीखाली त्याचा फोटो. मी टीव्हीसमोरून गेले तर मला म्हणायचा, मम्मा, गप, इसोकू बोलतोय. आता त्याला काय सांगू, की अरे, इसोकू म्हणजे मीच, तुला दूध पाजणारी? त्याचा इसोकू मेला असता ना. म्हणून मी त्याला सांगायचे, क्वायरच्या प्रॅक्टिसला जाते. म्हटलं, मोठा झाला की सांगू." तेल तापलं होतं. त्यांनी पहिला बोंबील सोडला. "मोठा झाला. एक दिवस इंटरनेटवर जपानी इसोकू बघून आला आणि म्हणाला, मम्मा, आपला हिंदीवाला किती भिकार होता, बकरीसारखा! मग कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहूनच गेलं."

बाहेरून टीव्हीवर इसोकू पुन्हा रडायला लागला आणि शेर्विन मोठ्याने हसला. एथेल आँटींनी बोंबील उलटला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. या बाईने पोटच्या पोराच्या तोंडून आपल्या गळ्याची टिंगल किती वर्षं ऐकली होती, आणि ऐकता ऐकता त्यालाच मासे तळून वाढले होते!

जेवताना मी काय खाल्लं, आठवत नाही. समोर बसलेली बाई मला भात घेतेस का विचारत होती, आणि माझ्या लहानपणीचा सगळ्यात शूर मुलगा मला भात घेतेस का विचारत होता. आणि पुढच्या रविवारी तो मुलगा भरल्या सभागृहात जोडे खाणार होता, कारण शेर्विनने जेवता जेवताच जाहीर केलं, "मम्मा, डॅडी, तुम्ही दोघांनी यायचंय हं. पहिल्या रांगेत. मी सीट सांगून ठेवल्यात."

"येणार तर," एथेल आँटी म्हणाल्या.

पुढचा आठवडा माझा कसा गेला विचारू नका. शपथ मोडता येईना आणि गप्प राहवेना. मी शेर्विनला फोनवर म्हटलं, "तो डबिंगवाला भाग काढून टाक. नुसतं चित्रांवर बोल. लाटांवर बोल."

"लाटांवर कोण हसणार? तोच तर माझा हुकमी भाग आहे."

"कुणाचा तरी आवाज आहे तो. माणूस आहे त्याच्या मागे."

"असेल कुणीतरी. वीस वर्षांपूर्वी पैसे घेऊन घरी गेलं असेल. त्याला काय कळणार आहे?"

"कळलं तर?"

"अपूर्वा, तू ना, जुन्याची इतकी आंधळी भक्त आहेस, की तुला साधा जोकसुद्धा सहन होत नाही."

मी फोन ठेवून दिला. मग एथेल आँटींना लावला. म्हटलं, निदान तुम्ही येऊ नका. पाय दुखतोय म्हणून सांगा.

"वेडी की काय?" त्या म्हणाल्या. "पोरगा पहिल्यांदा स्टेजवर उभा राहणार आणि आई घरी? दहावीत त्याला साधी शपथ वाचायला दिली होती असेंब्लीत, तर पाय लटपटून खाली बसला होता. समोर ओळखीचा चेहरा लागतो त्याला."

"पण तो तुम्हालाच..."

"हसू दे ना. लोक हसले म्हणजे त्याचं चांगलं झालं."

मला राग आला होता, आणि नक्की कुणाचा ते कळत नव्हतं.

रविवारी अंधेरीचा तो हॉल गच्च भरला होता. रंगीत केसांचे टोप लावलेली कॉलेजची मुलं होती, पाठीवर पुठ्ठ्याच्या तलवारी होत्या, आणि आमच्या वयाचेही खूप होते, काहीजण तर कडेवर पोरं घेऊन आलेले. पहिल्या रांगेत एका बाजूला व्हिक्टर अंकल, मध्ये एथेल आँटी, त्यांच्या शेजारी मी. आँटींनी चर्चला नेसतात ती मोरपंखी साडी नेसली होती. त्यांचा हात माझ्या हातात होता. खरं तर मीच तो धरून ठेवला होता.

शेर्विन स्टेजवर आला आणि आधी थोडा अडखळला. त्याने खाली पाहिलं, आई दिसली, आणि त्याची गाडी सुरू झाली. पोरगं बोलतं छान. लाटेवर हशा, बुक्कीवर हशा. मग डबिंग. "तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे" म्हणून त्याने स्वतः ओठ हलवून दाखवले आणि मागून बें-बें केलं. हॉल कोसळला. पोरं बें-बें करायला लागली. मी शेजारी बघायचं टाळलं. पण तेही जमेना. एथेल आँटी हसत होत्या. तोंडावर पदर धरून हसत होत्या. व्हिक्टर अंकल स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, उठावं आणि त्याच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा. आँटींनी माझा हात दाबून धरला.

"आता शेवटचं," शेर्विन म्हणाला. "रिकामी नाव परत येते तो सीन. आधी जपानी जुना, मग जपानी नवा आणि मग आपली बकरी. तुम्हीच ठरवा."

हॉलमधले दिवे मंद झाले. पडद्यावर बापाची नाव किनाऱ्याला लागली, आत कुणी नाही. जपानी पोरगा रडला. लोक गप्प. मग नवा आला. तो समुद्र, तो उजेड, पोराच्या गालावरचा एकेक थेंब, खरंच, बघत राहावं असा. टाळ्या झाल्या. मग हिंदी सुरू झालं. शेर्विन पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे वळला. हशा कुठून येतो, ते त्याला बघायचं होतं.

"बाबा, नाव तो आ गई..." इसोकू म्हणाला.

हशा आला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी पुरुष पुटपुटला, "आप कहाँ रह गए?" मग त्याच्या बाजूची बाई. मग इकडून, तिकडून. कडेवर पोरं घेतलेले, टक्कल पडायला लागलेले, पोट सुटलेले लोक पडद्यावरच्या पोराबरोबर एकेक वाक्य म्हणायला लागले. सगळ्यांना पाठ होतं! मी थक्क झाले. मला वाटायचं, त्याची वाक्यं फक्त मलाच पाठ आहेत. माझे डोळे भरून आले आणि मीही म्हणायला लागले. आम्ही सगळे जरा मागे पडत होतो, जनगणमनमध्ये पडतो तसे.

शेर्विनचा चेहरा पडला होता. त्याची नजर हॉलभर फिरली, गोंधळून, आणि सवयीने पहिल्या रांगेवर आली. आणि तिथेच थांबली.

मी शेजारी पाहिलं. एथेल आँटींचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. तोंडातून आवाज येत नव्हता, पण प्रत्येक शब्दाला ओठ जिथे मिटायला हवेत तिथे मिटत होते, उघडायला हवेत तिथे उघडत होते. त्या मागे पडत नव्हत्या. ओरडण्याआधी त्यांचा गळा आत ओढला गेला, छाती वर आली, आणि लगेच पडद्यावरून तो श्वास ऐकू आला.

शेर्विनने इतकी वर्षं हजारो तास लोकांचे ओठ आणि आवाज जुळतात की नाही हेच बघण्यात घालवले होते. त्याने हातातलं बटण दाबलं. पडदा थांबला. तुकडा मागे नेला आणि पुन्हा लावला. लोकांना वाटलं, त्यांना आवडलं म्हणून लावतोय. त्यांनी पुन्हा म्हणायला सुरुवात केली. तो मात्र फक्त आईच्या ओठांकडे बघत होता. पुन्हा तेच. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. तेवढ्यात एथेल आँटींनी डोळे उघडले, पोराची नजर पाहिली आणि चोरून साखर खाताना पकडल्यासारखं पटकन तोंड मिटलं.

त्या तोंड मिटण्याने सगळं सांगून टाकलं. शेर्विनचा रंगच उडाला. तो एका हाताने टेबल चाचपडायला लागला. मला वाटलं, पडतो आता.

दिवे लागले. लोक डोळे पुसत, हसत, पुढच्या विनोदाची वाट बघत होते. शेर्विनने माइक तोंडाशी नेला.

"हा आवाज," तो म्हणाला, "माझ्या मम्माचा आहे."

हॉल फुटला. दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा. शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर हात आपटणं. अर्धा तास ज्याने त्यांना हसवलं होतं, त्याचा हाही विनोदच असणार ना!

"नाही, खरंच," शेर्विन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "खरंच सांगतोय. ती इथे बसलीये. मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला माहीतच नव्हतं."

लोकांना वाटलं, काय ॲक्टिंग करतोय! आणखी हसू. मागून कुणीतरी हाक दिली, "तेरी मम्मी बकरी है क्या?" आणि सगळीकडून बें-बें सुरू झालं. त्यानेच शिकवलेलं. तो तिथे एकटा उभा होता, भर उजेडात, गालावरून पाणी वाहत होतं, पाय लटपटत होते, आणि तो जितकं "प्लीज, ऐका" म्हणत होता तितके लोक खदाखदा हसत होते.

माझ्या हातातून हात सुटला. एथेल आँटी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या स्टेजकडे नाही, मागे वळल्या. सगळ्या हॉलकडे तोंड करून उभी राहिलेली ती बुटकी बाई मी बघत राहिले. त्यांची छाती वर आली. तो श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.

"ए! माझ्या पोराला हसायचं नाही!"

इसोकू ओरडला होता. तसाच्या तसा, वीस वर्षांपूर्वीचा, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत. हॉलमध्ये क्षणात चिडीचूप झालं. ज्यांची तोंडं बें करायला उघडली होती ती उघडीच राहिली. कुणाच्या तरी कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं.

एथेल आँटींनी चष्मा नीट केला. पुढचं त्या स्वतःच्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, बालवाडीतल्या मुलांना समजावतात तसं, हळू.

"हसायचंच असेल तर मला हसा. मला सवय आहे."

कुणी हसलं नाही. शेर्विनच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे त्याचा हुंदका सगळ्या हॉलला ऐकू गेला.